गरम पाण्याची पिशवी

रुकय्याच्या हातातली गरम पाण्याची पिशवी हळूहळू कोमट होत होती. समोर आखातातल्या झल्लाकच्या समुद्रात, जानेवारीच्या गार पाण्यात, तिची कॉलेजात जाणारी लेक इक्रा गळ्यापर्यंत उभी होती. पूर्वी एसीचा झोत लागला तरी इक्राच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकायच्या, हाडं ठणकायची आणि रात्र हॉस्पिटलात जायची. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या मूळपेशी काढून घेतल्या, त्यांच्या जनुकात नेमका बदल केला आणि तिच्याच रक्तात परत सोडल्या.

"बाहेर ये गो. मासळी झालीस काय?"

"फाइव्ह मिनिट्स, अम्मी. काहीच दुखत नाहीय."

पाच मिनिटांची वीस झाली. पिशवी पार गार पडली. रुकय्यानं ती वाळूत ओतून टाकली आणि रत्नागिरीला आईला फोन लावला. आई दर ईदेला घरी बोलवायची आणि रुकय्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "इक्राचं बघून सांगते."

"कशी आहे पोर?" आईनं विचारलं.

"समुद्रात डुंबतेय. अम्मा, या ईदेला मी येतेय. एकटी."