वादळाच्या दिवसांतलं बुकिंग

"वादळाच्या दिवसांत बेटावर? काकू, दोन महिने थांबा ना," बुकिंगवाला म्हणाला. काकू हटून बसल्या. लग्न नवीन असताना दोघं त्याच बेटावर वादळात अडकले होते. दिवे गेले, आणि एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा नवरा मेणबत्ती विझली तरी बोलतच राहिला होता.

"बरं, काळजी नको. आता तिथल्या काचा फुटत नाहीत, जनरेटर आहे, इंटरनेट तर मिनिटभरही जात नाही."

काकूंचा चेहरा पडला. "मग राहू दे," म्हणत त्यांनी पर्स उचलली.

शेजारी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या काकांनी मान वर केली.

"भिंती पक्क्या हव्यात," ते म्हणाले, "पण दिवे जाणारं एखादं हॉटेल बघा."