पांढरी चार

नाकातली ऑक्सिजनची नळी काढून मी वरचा सा लावला, आणि तो लागला! गाणं माझंच, आजारपणाआधी लिहून चाल बांधलेलं. फुप्फुसं आखडत गेली तशी त्याच्या अंतऱ्यात माझी धाप लागायची. आज अंतरा सरळ पार झाला.

"विसूभाऊ, ऐकलंत? डॉक्टर गेले उडत! गुढीपाडव्याचा कार्यक्रम घेतेय मी. लावा फोन आयोजकांना."

विसूभाऊ वीस वर्षं माझ्या साथीला पेटी वाजवतात. त्यांनी भाता बंद करून फोन हातात घेतला. पण सुरावरचं बोट उचलायला विसरले. माझी गायची पट्टी पेटीवरची काळी चार. बोट तीन पट्ट्या खाली, पांढरी चारवर होतं. इलेक्ट्रॉनिक तानपुराही त्यांनीच तिथे उतरवून ठेवलेला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, ताई. सूर हळूहळू उतरवत आणला. तुम्ही गायचं थांबवाल अशी भीती वाटली."

मी नळी पुन्हा नाकात अडकवली. फोन त्यांच्या हातात तसाच होता.

"ठेवा तो," मी म्हटलं. "आणि अजून एक पट्टी खाली घ्या. फक्त यापुढे मला सांगून."