उमेदवाराची खुर्ची

मुलांच्या हॉस्पिटलात प्रमुख डॉक्टरांच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या. डॉक्टरीणबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. उमेदवारासाठी चार वर्षांच्या पोराला पुरेल एवढी इवलीशी लाल खुर्ची मांडली होती. कुणाचा तरी वेंधळेपणा, दुसरं काय! त्या निमूट बसल्या, तर गुडघे पार हनुवटीला टेकले.

“मोठी खुर्ची मागवू का?” अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं.

“राहू द्या हो. इथून तुम्ही सगळे केवढे अवाढव्य दिसताय! पोरं आम्हाला बघून भोकाड का पसरतात, ते आज कळलं.”

सगळे खो खो हसले. कोपऱ्यात बसलेल्या मेट्रनबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, आता ही खुर्ची वॉर्डात परत नेते. आधीच्या सहाही जणांनी मोठी मागवली होती.”