तानबाची पुडी

तानबानं मिक्सर उलटा केला, बुडाशी चिकटवलेलं चंदेरी सील अंगठ्यानं चाचपलं आणि मान हलवली.

"खोलल्याबिगर इलाज नाई. सील तोडा लागते."

"तोडू नका ना काका," प्रेरणा म्हणाली. "आई चार वाजता येऊन राह्यल्या. पह्यले सीलच पाह्यतील."

तानबानं घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते. बोरगाव मेघेत त्याचं दुकान वीस वर्षांपासूनचं, त्यामुळे प्रेरणाच्या सासूबाई अनुसयाबाई त्याच्या चांगल्याच ओळखीच्या. त्यांचा मिक्सरही ओळखीचा, म्हणजे ऐकून. चार वर्षांत याला कोणाचा पेचकस लागला नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या नलूनं स्वतःच्या मिक्सरमध्ये हळकुंडं दळून मोटर जाळली, तेव्हा अनुसयाबाईंनी अंगणात उभं राहून तिची अशी हजेरी घेतली, की नलू बिचारी आठ दिवस मागच्या दारानं ये-जा करत होती.

सहा महिन्यांपूर्वी सून होऊन आलेल्या प्रेरणाला या मिक्सरला हात लावायची मुभा नव्हती. तिची चटणी पाट्यावर. पण सोमवारी अनुसयाबाई बहिणीच्या नातवाच्या बारशाला अल्लीपूरला निघाल्या. पिशवीत सरगुंडे, पापड, ताजी दळलेली हळद, तिखट असं बहिणीसाठीचं सामान. फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"लागलं त मिक्सर वापरजो व. पाटा कायले घासत बसतं?"

एवढंच बोलल्या. पण आपण या घरच्या झालो, असं प्रेरणाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा तिनं ते वाक्य त्याला दोनदा ऐकवलं. मंगळवारी हौसेनं मूठभर शेंगदाणे भांड्यात टाकले आणि बटण फिरवलं. मिक्सर एकदा गुरगुरला, जळका वास आला आणि सगळं थंड.

कंपनीचं दुरुस्ती केंद्र नागपूरला. तिथं आठ दिवस. सासूबाई बुधवारी परत.

"रडू नको पोरी," तानबा म्हणाला. त्यानं पातळ पातं मेणबत्तीवर गरम केलं आणि सीलखालून असं सरकवलं, की ते कुठंही न फाटता अलगद निघालं. ते त्यानं काचेवर चिकटवून ठेवलं. मग रबरी पाय काढले, त्यांच्याखालचे स्क्रू काढले.

खोललेला मिक्सर प्रेरणाला बघवेना. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. शेजारची हळद-तिखटाची गिरणी पंधरा दिवसांपासून बंद होती, त्यामुळे रस्ता कसा शांत होता. मागून ब्रशचा आवाज येत होता.

"काय दळलं होतं?" तानबानं विचारलं.

"शेंगदाणे. मूठभरच."

"डॉक्टरजवळ आन मिस्त्रीजवळ खरं बोला लागते."

"शेंगदाणेच काका! माह्या आईची शपथ."

तानबा हुंकारला. कार्बनचा नवा तुकडा बसवला, एका वायरीला झाळ लावली, स्क्रू आवळले. सील पुन्हा होतं तिथंच, होतं तसंच. बटण फिरवल्यावर मिक्सर असा घुमला, की प्रेरणाला तानबाच्या पाया पडावंसं वाटलं.

"हे घेऊन जाजो," तो म्हणाला आणि वर्तमानपत्राची एक पुडी तिच्या हातात दिली. "काढलेला माल गिऱ्हाइकाचा. जुना पार्ट, आतला कचरा, सगळं. उद्या कोणी म्हणू नाई, तानबानं चांगला पार्ट काढून घेतला."

ही त्याची जुनीच रीत. प्रेरणानं पुडी न बघताच पर्समध्ये टाकली आणि घर गाठलं. ओट्यावर मिक्सरच्या पायांचे चार गोल उमटलेले होते, त्यांच्यावर तो बरोब्बर बसवला.

सव्वाचारला अनुसयाबाई ऑटोतून उतरल्या. उतरल्याबरोबर नलूला हाक मारून तिला सोबतच घेऊन आल्या. पाणीही न पिता सरळ स्वयंपाकघरात.

"मिक्सर वापरला काय व?" आवाज अंगणापर्यंत जाईल इतका मोठा. "बंद त नाई ना पाडला?"

"एकदाच वापरला आई. शेंगदाण्याले."

"लाव बरं. नलूले बी पाहू दे."

प्रेरणानं बटण फिरवलं. मिक्सर नव्यासारखा घुमला.

अनुसयाबाई दचकून दोन पावलं मागं सरकल्या. मग वाकून त्यांनी सील पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मिक्सरकडे बघितलं, प्रेरणाकडे बघितलं, पुन्हा सीलकडे.

"चालते बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या.

सील शाबूत दिसलं, सासूबाईंचं समाधान झालं, असं प्रेरणानं धरलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या दोघी अंगणात गेल्या. थोड्याच वेळात अनुसयाबाईंचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला.

"वापरणाराले अक्कल पाह्यजे नलू. तुयासारखं हळकुंडं टाकून बसलं, त कोणता मिक्सर टिकन?"

प्रेरणाला हसू आलं. तिनं पर्समधून तानबाची पुडी काढली आणि कचऱ्यात टाकण्याआधी सहज सोडून पाहिली. आत कार्बनचा एक जळका तुकडा होता. बाकी सगळी हळद होती.