हिरवळीखालचं जांभूळ

पावसानं उघडीप दिल्यावर बंगल्यापुढच्या हिरवळीवर तपकिरी छत्र्यांचे पुंजके दिसले, म्हणून शरयूबाईंनी शेजारच्या रेगेसरांना बोलावलं. सरांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं.

त्यांनी एक छत्री उपटून उलटी धरली. "ही अळंबी कुजक्या लाकडावर येते. इथं मोठं झाड होतं का?"

शरयूबाईंनी व्हरांड्यातल्या नवऱ्याकडे पाहिलं. इथं जांभूळ होतं. त्यावरून पडून त्यांचा नऊ वर्षांचा निशाद गेला. दिवसकार्य आटोपल्यावर दिगंबररावांनी झाड तोडून घेतलं आणि तिथं हिरवळ लावली. त्यानंतर इतक्या वर्षांत मुलाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, आणि त्यांच्यासमोर शरयूबाईंनीही नाही.

"झाड गेलं तरी मुळं जमिनीत राहतात," सर म्हणाले. "खणून काढायची असतील, तर माळ्याला सांगतो."

"नको," म्हणत दिगंबरराव पायऱ्या उतरून आले. सर गेल्यावरही ते ओल्या गवतावर बसून राहिले. शरयूबाई त्यांच्याशेजारी बसल्या.

"निशादचा आवाज मला आठवत नाही गं," ते म्हणाले. "तुला आठवतो?"

"किंचित घोगरा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखाच."