काळा पडलेला डबा

तोमीनं डबा सुनेसमोर ठेवला, तोही हलकेच. रागातसुद्धा या घरात डबा कुणी आपटत नसे.

"बघ. तळाशी काळा पडलाय."

सुगी म्हणजे जपानी देवदार, त्याच्या लाकडाची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करायची, गोल वाकवायची आणि चेरीच्या सालीनं शिवून जेवणाचा डबा करायचा. ओदातेतल्या या घराचा हा पिढीजात धंदा. वर रोगण नाही, काही नाही, नुसतं कोरं लाकूड. त्याला साबण लागू लागला की ते काळं पडतं आणि मग कितीही घासा, उजळत नाही.

डबा शुनजीचा होता, तोमीच्या मुलाचा. तो घेऊन शुनजी रोज नोशिरोच्या लाकूडवखारीत कारकुनीला जाई. संध्याकाळी आला की बांधलेला रुमाल सोडून डबा स्वतःच खिडकीतल्या जाळीवर ठेवी. अशा गुणी मुलाला बायको मात्र योकोहामाची मिळाली, हे तोमीचं जुनं दुखणं.

"मी साबण लावला नाही," चिसातो म्हणाली.

"मग काय भुतानं लावला?"

"माझा डबा बघा ना. शेजारीच आहे."

तोमीनं तो उचलला. बोट फिरवलं, वास घेतला. तांदळाच्या धुवणानं घासलेला, झाकण काढून वाळवलेला, नव्यासारखा गोरा. नाव ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे ती आणखी भडकली.

"वा गं वा! स्वतःच्या डब्याला माया आणि नवऱ्याच्या डब्याला साबण!"

शुनजी चहा पीत बसला होता. "जाऊ दे ना आई. शहरातली सवय. लागला असेल चुकून."

शरदात दुकान चिसातोच्या हाती यायचं होतं. त्यासाठी तिनं योकोहामाची नोकरी सोडली होती, उकळत्या पाण्यात बोटं भाजून घेतली होती. तोमीला ते पक्कं ठाऊक होतं.

"जिला घरचा डबा सांभाळता येत नाही, ती गिऱ्हाइकांना काय शिकवणार? 'चुकले' म्हण. नाहीतर दुकानाची किल्ली विसर."

"नाही म्हणणार."

"काय म्हणालीस?"

"दुकान नका देऊ. पण जे मी केलं नाही, त्याला 'चुकले' म्हणणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

अशा वेळी सुना डोळ्याला बाही लावतात. ही ताठ बसून राहिली आणि मला विचाराल तर बरंच केलं.

"अगं, एका शब्दाचा तर प्रश्न आहे," शुनजी म्हणाला. "टाक ना म्हणून. मिटेल सगळं."

"मी बोलू म्हणता?"

"बोल की!"

"ती कसली बोलतेय!" तोमी कडाडली. "शुनजी या घरात जन्मला, मी या घरात म्हातारी झाले. आम्ही डब्याला साबण लावू? हा हात बाहेरच्या बाईचाच आहे!"

चिसातोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं घाईघाईनं पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

"अगदी खरं बोललात, आई," ती म्हणाली. "बाहेरच्या बाईचाच आहे. वसंतापासून हा डबा मी धुतलेलाच नाही. रोज धुऊन-पुसूनच घरी येतो."