तसल्या बायका

"दार उघडं ठेव, वास कोंडतो," भास्कर नाकाला रुमाल लावून म्हणाला. वैजयंताला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्यापासून तिचा नवरा असाच उंबऱ्यापलीकडून बोलायचा.

"समृद्धीला बारावं लागलंय. आत्ताच त्या विषाणूवरची लस दिली तर तिला हा आजार सहसा होणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या," वैजयंता म्हणाली.

"शरीरसंबंधातून पसरतो ना तो विषाणू? शी! तसल्या बायकांची लस माझ्या पोरीला कशाला?"

किरणांच्या उपचारांनीही वैजयंताला कधी इतकी मळमळ झाली नव्हती. त्या रुमालामागच्या तोंडाकडे तिला बघवेना.

"मला जन्मात तुमच्याशिवाय कुणी शिवलं नाही," ती म्हणाली. "मग हा माझ्यापर्यंत आला कुठून?"

चपला पायात सरकवून भास्कर अंगणात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वैजयंता भिंत धरून उठली आणि समृद्धीला घेऊन रिक्षाने दवाखान्यात पोहोचली. पोरीने बाही वर केली. नर्सने सुई हातात घेतली, मग थबकून म्हणाली, "ताई, वडिलांना विचारलंय ना?"

"विचारलं," वैजयंता म्हणाली. "त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही टोचा."